मुख्य परीक्षा जवळ आली की अभ्यास का सुटतो?

समुपदेशक म्हणून मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय सत्तावीस, घर मराठवाड्यातल्या एका गावात, मुक्काम पुण्यात नवी पेठेत. यूपीएससीची पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, म्हणजे पास झाली. दोन्ही वेळा मुख्य परीक्षेच्या दीड-दोन महिने आधी सगळी घडी विस्कटली. पहाटेपर्यंत मोबाईल, दुपारी बारानंतर उठणं, पैसे भरून लावलेल्या टेस्ट सिरीजचा, म्हणजे सराव परीक्षांचा, एकही पेपर न लिहिणं. दुसऱ्या वेळी तर ऐन ऑगस्टमध्ये मित्राच्या जमिनीच्या मोजणीसाठी आठवडाभर गावी जाऊन राहणं. “मॅडम, मी आळशी आहे की मीच माझा शत्रू आहे? दर वेळी मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतो.”

तुम्ही आळशी नाही. धीर देण्यासाठी म्हणत नाही, तुमच्याच मजकुरावरून म्हणते. पूर्वपरीक्षेआधी कित्येक महिने तुम्ही सकाळी आठ ते रात्री दहा अभ्यासिकेत बसत होता. मोजणीसाठी तहसील आणि भूमी अभिलेखच्या कार्यालयात आठ दिवस खेटे घातलेत. आळशी माणूस असल्या कामाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. तुमचं काम एका ठरावीक जागी येऊन बंद पडतं: तुमच्या हाताने लिहिलेला कागद दुसरा कोणी तपासणार असतो तिथे. वाचन चालतं, नोट्स निघतात, मित्राला ‘राज्यव्यवस्था’ समजावून सांगता. उत्तर लिहायचं म्हटलं की हात थांबतो. सगळं दुखणं तिथे आहे.

वीस-एक वर्षं पुण्यात समुपदेशन करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलंमुली पुष्कळ असतात. त्यांच्याकडे पाहून माझं मत पक्कं झालं आहे की स्वतःचं नुकसान करणाऱ्या बहुतेक सवयी मुळात संरक्षणासाठी येतात. त्या तुम्हाला एका उत्तरापासून वाचवत असतात. पूर्ण ताकदीने लिहिलं आणि तरी नाही झालं, तर याचा अर्थ काय? ‘मी कमी पडलो’ हे वाक्य ऐकायला लागू नये, म्हणून मन आधीच सोय करून ठेवतं. अभ्यास अर्धवट राहिला तर निकालानंतर म्हणता येतं, ‘पूर्ण केला असता तर झालं असतं.’ गुण जातात, पण ‘केलं असतं तर’ शाबूत राहतं. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे माणूस नाचाच्या आदल्या रात्री उठून स्वतःच अंगण उकरून ठेवतो. आणि हे तो ठरवून करत नाही. त्याला खरोखरच वाटत असतं की झोप लागली नाही, मित्र अडचणीत होता, मोबाईल हातातून सुटला नाही.

या वागण्यावर १९७८ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांची आधी एक बौद्धिक चाचणी घेतली. काहींना सुटण्यासारखे प्रश्न दिले. काहींना दिलेल्या बऱ्याच प्रश्नांना धड उत्तरच नव्हतं, अंदाजाने खूण करण्यापलीकडे हातात काही नव्हतं. नंतर दोन्ही गटांना सांगितलं की तुम्ही फार छान केलंत. दुसऱ्या चाचणीआधी त्यांना दोन औषधांमधून एक निवडायचं होतं. एकाने डोकं तल्लख चालेल, दुसऱ्याने मंदावेल, असं सांगितलेलं होतं. ज्यांचं पहिलं यश अंदाजपंचे आलेलं होतं, त्यांच्यातल्या मुलांनी डोकं मंदावणारं औषध जास्त प्रमाणात मागितलं. तेच यश पुन्हा मिळवता येईल याचा त्यांना भरवसा नव्हता, आणि दुसऱ्या वेळी फजिती झालीच तर ती औषधाच्या नावावर टाकता येणार होती.

तुमची पूर्वपरीक्षा आठवा. शंभर प्रश्न, चुकलं की त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा. पुष्कळ प्रश्न दोन पर्यायांवर आणून शेवटी अंदाजानेच सोडवावे लागतात. यादीत नंबर दिसतो, मेसमध्ये पेढे वाटले जातात, गावाकडून फोन येतात, आणि त्याच रात्री मनात येतं की हे अभ्यासाने निघालं की नशिबाने? हा प्रश्न तुम्ही कुणाला बोलून दाखवला नसणार. जगाला तुम्ही हुशार वाटता आणि आतून तुम्हाला त्याची खात्री नसते. अशा मनःस्थितीत मुख्य परीक्षेचे नऊ पेपर म्हणजे पितळ उघडं पडण्याची जागा वाटू लागते. म्हणून तुमची घडी पूर्वपरीक्षेआधी विस्कटत नाही, ती निघाल्यावर विस्कटते. अपयशामुळे माणूस खचतो हे सगळ्यांना समजतं. यशानंतर माणूस असा घाबरतो हे घरच्यांच्या लक्षात येत नाही, मित्रांच्याही नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसणारे पाच लाखांच्या वर असतात आणि मुख्य परीक्षेला पात्र ठरतात साधारण चौदा-साडेचौदा हजार. त्यांत दोनदा येणं निव्वळ नशिबाने होत नाही. पण हे सांगून तुमची भीती जाणार नाही, हे मला माहीत आहे. ती बोलण्याने जात नाही, लिहिण्याने जाते. त्याकडे येते.

आधी ही सवय एवढी चिवट का, ते बघा. उत्तर लिहायला बसलात की छातीत थोडं जड होतं, पोटात गोळा येतो, ‘आधी हा टॉपिक नीट वाचू’ असं वाटतं. वही मिटून मोबाईल घेतला की तो गोळा त्याच क्षणी विरतो. सुटका ताबडतोब मिळते, नुकसान महिन्यांनी कळतं. दर वेळी सुटकेचा मोबदला मिळाल्यावर मन तोच रस्ता पुन्हा धरणार. फ्यूशिया सिरॉय आणि टिम पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हीच मांडणी केली: चालढकल ही वेळेच्या नियोजनातली गडबड कमी आणि नकोशी भावना तात्पुरती शमवण्याची धडपड जास्त. नवीन टाइमटेबल करून तुमचा प्रश्न आजवर सुटला नाही, त्याचं कारण हेच. टाइमटेबलमध्ये पोटातल्या गोळ्यासाठी रकाना नसतो.

यानंतरचा टप्पा जास्त घातक. दोन तास वाया गेले की अपराधी वाटतं, मग ‘आजचा दिवस तर गेलाच’ म्हणून उरलेला दिवसही सोडून दिला जातो. ‘आता सोमवारपासून’, ‘आता एक तारखेपासून’. रात्री स्वतःला शिव्या घालता, बाबांनी सोयाबीनच्या पैशातून भरलेलं खोलीभाडं आठवतं, आणि त्या ओझ्याने दुसऱ्या दिवशी वही उघडणं आणखी अवघड होतं. स्वतःला रागावल्याने शिस्त येते, असा आपल्याकडे ठाम समज आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि त्याला आधारही आहे. कॅनडात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी चालढकल केलेल्या ज्या विद्यार्थ्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. माफ करणं म्हणजे ‘जाऊ दे, काही बिघडत नाही’ असं म्हणणं नव्हे. झालं ते नुकसानच होतं असं म्हणायचं, आणि तरीही आज चार वाजता लिहायला बसायचं.

आता ओळखायचं कसं? मोबाईल ओळखणं सोपं आहे, त्याच्याबद्दल मी फार बोलत नाही. अवघड असतात त्या सभ्य कपड्यांत आलेल्या सवयी, ज्यांच्याबद्दल कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. परीक्षा दोन महिन्यांवर असताना नवा सोर्स, म्हणजे नवं पुस्तक किंवा नोट्स, आणणं. जुन्या नोट्स सुंदर अक्षरात पुन्हा काढणं. टॉपरचे स्ट्रॅटेजी व्हिडिओ बघणं आणि त्याला अभ्यास समजणं. अभ्यासिका बदलणं, खोली बदलणं, रूममेटशी भांडण काढणं. ऑप्शनल (वैकल्पिक विषय) बदलावा का, यावर पंधरा दिवस घालवणं. ‘सिलॅबस पूर्ण झाला की टेस्ट देईन’ हे वाक्य तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की ते कानावर पडताच मी सावध होते. सिलॅबस कधीच पूर्ण होत नाही. आणि दुसऱ्याला मदत करणं. तुमचा मित्र खरोखर अडचणीत असेल, मी नाकारत नाही. पण मोजणीची तारीख घ्यायला तिथे त्याचा सख्खा भाऊ होता, हे तुम्हीच लिहिलं आहे. तुम्ही गेलात, कारण त्या आठवड्यात टेस्ट सिरीजचा पहिला पेपर होता.

सवय कोणती, यापेक्षा ती कधी उगवते ते बघा. त्यासाठी एक छोटी वही करा. आठ-दहा दिवस, अभ्यासातून उठावंसं वाटलं की उठण्याआधी तीनच गोष्टी लिहायच्या: आत्ता काय सुरू करणार होतो, अंगात काय जाणवलं, त्याऐवजी काय केलं. ‘निबंधाची रूपरेषा करणार होतो. घसा कोरडा. चहाला गेलो, पाऊण तास कट्ट्यावर.’ बास. त्यावर शेरा लिहायचा नाही, ‘पुन्हा असं करणार नाही’ ही प्रतिज्ञा तर अजिबात नाही. आठवड्यानंतर सगळं सलग वाचा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण वीस-पंचवीस नोंदींमध्ये पहिला रकाना जवळजवळ एकच निघतो. तुमच्या वहीत तो उत्तरलेखनाचा असेल असा माझा अंदाज आहे. चुकला तर उत्तमच. मग वही सांगेल त्यावर काम करायचं, माझ्या अंदाजावर नाही.

बाहेर पडण्याचा रस्ता असा. तुम्हाला भीती आहे निवाड्याची, आणि तुम्ही तो निवाडा वर्षातून एकदाच येऊ देता, सगळा एकदम, सर्वांत मोठ्या परीक्षेत. त्याचे तुकडे करून तो रोज घ्यायला लागायचं. रोज एक उत्तर, दीडशे शब्दांचं, आठ मिनिटं घड्याळ लावून. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या बहुतेक पेपरांत तीन तासांत वीस प्रश्न असतात, म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटं, त्याच मापाने. आणि पहिले काही दिवस ते उत्तर मुद्दाम कच्चं लिहायचं. टॉपिक ताजा वाचून बसायचं नाही. मुद्दे सुचले तेवढे, आकडा आठवला नाही तर जागा मोकळी. आठ मिनिटं झाली की पेन खाली. या काळात उत्तर किती चांगलं झालं याला काही किंमत नाही. पोटात गोळा असताना हात चालतो, एवढंच शरीराला शिकवायचं आहे. गोळा जाईल तेव्हा लिहीन, असं ठरवलंत तर पुढचं वर्षही तसंच जाईल. तो लिहिताना कमी होतो, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, हे तुम्हाला स्वतःला दिसायला हवं.

दुसरी पायरी खरी अवघड: तो कागद कुणाला तरी दाखवायचा. लगेच क्लासच्या सरांना नाही. तुमच्यासारख्याच एका अभ्यासूला, जो स्वतःही लिहितो. दोघांनी एकमेकांची वही बदलायची आणि एकच सुधारणा सांगायची, दोन नाहीत. ‘प्रस्तावना लांबली’ किंवा ‘प्रश्न विचारतो ‘परीक्षण करा’, तू नुसतं वर्णन केलंस’ एवढंच. आठवडाभर हे जमलं की मग रविवारचा पूर्ण पेपर, आणि मग तपासायला देणं. ज्यांच्या टेस्ट सिरीजचे पैसे भरलेले आणि पेपर कोरे पडून आहेत, त्यांनी जुने सगळे पेपर भरून काढायचा हट्ट सोडावा. येत्या रविवारचा पेपर लिहावा, मागचे विसरावेत. एमपीएससीच्या राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. २०२५ पासून त्यांची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, आणि पर्याय निवडण्याची सवय असलेली कितीतरी मुलं सध्या याच भिंतीपाशी अडली आहेत.

वेळ आणि जागा आधीच ठरवलेली असावी. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशा ठरावावर पुष्कळ संशोधन केलं आहे. नुसत्या ‘मी रोज लिहीन’पेक्षा असा ठराव बराच जास्त पाळला जातो. तुमच्यासाठी तो असा: ‘सकाळचा चहा घेऊन अभ्यासिकेत बसलो की मोबाईल बंद करून बॅगेत, आणि वाचनाआधी एक उत्तर.’ वाचनाआधी, हे महत्त्वाचं. वाचनानंतर ठेवलंत तर वाचन संपणार नाही. हा ठराव मोडला तर काय, याचाही ठराव हवा: ‘सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी मेसला जाण्याआधी अर्धंच उत्तर, चार मिनिटं.’ म्हणजे दिवस ‘गेलाच’ असं म्हणायला जागा उरत नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला त्यांच्या अंदाजाने २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फार फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी जड वाटलं म्हणजे आपल्याला जमत नाही, असा अर्थ काढू नका.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, आवडीच्या गोष्टींतही नाही, जेवण-झोप पार बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते स्वतःच्या पायावर धोंडा पाडणं नव्हे. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. लहानपणापासून, शाळेतही, कुठल्याच कामात लक्ष टिकत नसेल तर त्याचीही तपासणी वेगळी असते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास, विनाशुल्क चालते, मराठीतून बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात मला हे जाणवलं नाही, पण कागदावरून सगळं कळत नाही, म्हणून सांगते.

आता घरचा भाग. विवेकनिष्ठ मानसोपचार ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस यांचा भर एका भेदावर होता: ‘मला हे हवं आहे’ आणि ‘मला हे मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’. तुमच्या मनात पोस्ट, म्हणजे अधिकाऱ्याची जागा, ही इच्छा राहिलेली नाही, ती तुमची किंमत ठरवणारी गोष्ट झाली आहे. आणि त्यात बाबांचे पैसे, आईचा उपास, ‘साहेब कधी होणार’ म्हणणारे भावकीतले लोक. एवढं सगळं एका कागदावर ठेवल्यावर हात चालणार कसा? यातला थोडा भार एका फोनने कमी होतो, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. तुम्ही घरी दर वेळी ‘अभ्यास चांगला चाललाय’ सांगता. एकदा खरं सांगा. भाषण नको, एवढंच: “बाबा, पूर्वपरीक्षा निघते, पण मुख्य परीक्षेच्या आधी मी घाबरतो आणि लिहीत नाही. त्यावर काम करतोय. अमुक तारखेपर्यंत प्रयत्न करेन, मग पुढचं तुमच्याशी बोलून ठरवू.” तारीख निकालाच्या दिवशी ठरवायची नाही, आज ठरवायची. बहुतेक वडील आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकून घेतात. पिकाचा भरवसा नसताना दर वर्षी पेरणी करणाऱ्या माणसाला पूर्ण प्रयत्न करून हातात काही न येणं काय असतं, हे तुम्ही समजावून सांगायची गरज नाही.

शेवटचा एक प्रश्न मी माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला विचारते. उद्या घरच्यांनी स्वतःहून, मनापासून सांगितलं की पोस्ट नाही मिळाली तरी चालेल, तर तुम्ही काय कराल? काही जण म्हणतात, “मग मी निवांत अभ्यास करेन.” त्यांना परीक्षा हवी आहे, भीती निवाड्याची आहे, आणि वर लिहिलेलं सगळं त्यांच्यासाठी आहे. काही जण थोडा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, “मग मी बॅग भरेन.” त्यांच्या बाबतीत अभ्यास टाळणं हा तोंडाने न दिलेला नकार असतो. घरच्यांना, आणि स्वतःलाही, ‘मला हे नको’ म्हणता आलं नाही, म्हणून वागण्यातून म्हटलेला. अशा मुलाला मी लिहिण्याचे उपाय सुचवत नाही. त्याच्याशी दुसऱ्या कामाबद्दल बोलते: त्याला काय येतं, गावी काय आहे, किती महिने हाताशी आहेत.

तुमचं उत्तर यांतलं दुसरं निघालं, तर एवढं करा. या वर्षीची मुख्य परीक्षा हातात असेल तर सगळे पेपर शेवटपर्यंत बसून लिहा, तयारी असेल तशी, आणि मग सोडा. मधूनच सोडून गेलेली, आज चाळिशीत असलेली माणसं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या बोलण्यात अजूनही ‘मी पूर्ण लिहिलं असतं तर’ येतं, नोकरी-संसार चांगला चालू असतानाही. आणि तुमचं उत्तर पहिलं असेल, तर उद्या सकाळच्या चहानंतर दीडशे शब्दांचं कच्चं उत्तर लिहा आणि न सुधारता शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडे द्या.